सेदोवची काठी

गिओर्गी सेदोव 14 वर्षांचा होईपर्यंत त्याला अक्षरओळखही नव्हती. अझोव समुद्राकाठच्या गरीब कोळ्याचा हा मुलगा (जन्म 1877). शाळेत उशिरा गेला, पण तीन वर्षांचा अभ्यास दोन वर्षांत उरकला आणि नाविकशाळेतून पुढे रशियन आरमारात अधिकारी झाला. सैबेरियातल्या कोलिमा नदीचं मुख, उत्तर रशियातल्या नोवाया झेम्ल्या बेटांचा किनारा इथं त्याने सर्वेक्षणं केली. माझ्या मते तेच त्याचं खरं काम.

पण उत्तर ध्रुवाने त्याला झपाटलं. 1913 मध्ये रोमानोव राजवटीला 300 वर्षं पुरी होणार होती, नॉर्वेचा ध्रुवसंशोधक आमुंडसेनही उत्तरेकडे निघायच्या बेतात होता. उत्सवापर्यंत, आमुंडसेनच्या आधी ध्रुवावर रशियन झेंडा रोवायचा, असं सेदोवने मनावर घेतलं. सरकारने पैसे नाकारले, तेव्हा वर्गणी काढली. सगळा मामला घाईचा. व्यापाऱ्यांनी खारवलेलं मांस कुजकं गळ्यात मारलं. स्लेजसाठी म्हणून विकलेल्या कुत्र्यांत अर्खांगेल्स्क बंदराच्या रस्त्यांवरची भटकी कुत्रीही होती. रेडिओयंत्र मिळालं, पण ते चालवणारा माणूस आरमाराने दिला नाही, म्हणून यंत्रही मागेच राहिलं.

ऑगस्ट 1912 मध्ये ‘फोका’ हे जुनं जहाज निघालं आणि नोवाया झेम्ल्यापाशी बर्फात अडकलं. राजघराण्याचा उत्सव तिथेच हुकला. दुसरा हिवाळा आणखी उत्तरेकडच्या फ्रान्झ जोसेफ लँड या द्वीपसमूहातल्या हूकर बेटावर काढला. कोळसा संपला, स्कर्व्हीने (क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा आजार) माणसं पडू लागली, सेदोवच्याही पायांना सूज आली. तरी 15 फेब्रुवारी 1914 रोजी लिन्निक आणि पुस्तोश्नी या दोन खलाशांना घेऊन तो ध्रुवाकडे निघाला. अंतर जाऊन-येऊन 2,000 किलोमीटरांवर. हिशेब कुठूनही जुळत नव्हता, आणि सर्वेक्षण करणाऱ्या माणसाला तो कळत नसेल हे मला पटत नाही.

काही दिवसांतच त्याला चालवेना. मग स्लेजवर पडून तो हातातलं होकायंत्र बघत राहायचा. खलाशी गुपचूप दक्षिणेला तर वळत नाहीत ना! 5 मार्चला, त्याच द्वीपसमूहातल्या रुडॉल्फ बेटाजवळ, तो गेला. दोघांनी त्याला दगडांखाली पुरलं, स्कींचा क्रूस उभा केला, ध्रुवासाठी आणलेला झेंडा त्याच्यासोबत ठेवला. फ्राम नावाचा कुत्रा थडग्यापासून हलेना, त्याला तिथेच सोडावं लागलं. दोघे खलाशी मात्र जहाजावर परतले.

1938 मध्ये रुडॉल्फ बेटावर त्या झेंड्याची काठी सापडली. 1977 च्या ऑगस्टमध्ये ‘आर्क्टिका’ हे अणुशक्तीवरचं सोव्हिएत बर्फफोडं जहाज ध्रुवावर पोचलं, तेव्हा तिथं झेंडा चढवला तो याच काठीवर. झेंडा तेवढा बदललेला होता.