आईनस्टाईनचा अख्खा मेंदू बरणीत? नाय हो

सांगलीच्या ग्रुपांवर तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय, की अमेरिकेतल्या म्युझियममधे आईनस्टाईनचा अख्खा मेंदू बरणीत ठेवलाय आणि तो नॉर्मलपेक्षा मोठा आहे म्हणे. दोन्ही चूक.

१९५५ ला आईनस्टाईन गेले, तेव्हा पोस्टमॉर्टेम करणाऱ्या थॉमस हार्वे या डॉक्टरने घरच्यांना न विचारताच मेंदू काढून घेतला (मुलाची परवानगी नंतर मिळवली, आधी हात मारला मग विचारलं असा प्रकार) आणि त्याचे साधारण २४० तुकडे केले, काहींच्या पातळ स्लाईड बनवल्या, बाकीचे तुकडे वर्षानुवर्षं स्वतःकडेच बरण्यांत, बरण्या खोक्यात. वजन १२३० ग्रॅम भरलं, म्हणजे सरासरीपेक्षा कमीच.

आता म्युझियमचं. फिलाडेल्फियाचं म्युटर म्युझियम, थॉमस म्युटर या सर्जनने डॉक्टर शिकावेत म्हणून दिलेल्या वस्तूंवर उभं राहिलं, १८६३ पासून चालू आहे. तिथं आहेत फक्त ४६ स्लाईड, त्याही २०११ ला मिळाल्या. काचेवर पातळ काप, बास.

फॉरवर्डमधला तो गुलाबी मेंदूचा फोटो कुणाचा ते देव जाणे. मिरजेच्या मेडिकलच्या कुठल्याही पोराला विचारा, फॉर्मलिनमधे ठेवलेला मेंदू असा गुलाबी राहत नाय, मळकट करडा होतो.