तारांनी जबडा मागे जात नाही

"खालचा जबडा पुढे आलाय ना? तारा लावा, ऑपरेशन टळेल." हा सल्ला लग्नाच्या पंगतीतसुद्धा फुकट मिळतो. पण तारा दात हलवतात, जबडा नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाला फेसमास्क, म्हणजे कपाळाला आणि हनुवटीला टेकणारी चौकट, लावून वरचा जबडा थोडा पुढे ओढता येतो, तेवढीच काय ती सवलत. दोन जबड्यांतला फरक मोठा असेल तर ऑपरेशनसाठी वाढ थांबेपर्यंत वाट पाहावी लागते: मुलींत साधारण १६-१७, मुलांत १८-२१ वर्षं. घाईने ऑपरेशन केलं, तर जबडा पुन्हा वाढून पुढे येऊ शकतो.

मग ऑपरेशनआधी वर्ष-दीड वर्ष तारा कशाला? पुढच्या दातांनी आधीच तडजोड केलेली असते: खालचे आत झुकलेले, वरचे बाहेर. तारा त्यांना आपापल्या हाडावर सरळ उभं करतात. त्यामुळे हनुवटी आणखीच पुढे आल्यासारखी वाटते आणि घरचे म्हणतात, "डॉक्टरने बिघडवलं!" बिघडलेलं काही नसतं, जबडा किती सरकवायचा, ते आता कुठे दिसू लागतं. काही निवडक रुग्णांत ऑपरेशन आधी, तारा नंतर, असंही करतात. तारा मात्र तिथेही चुकत नाहीत.