एका पंखाची परी

परीकथांमध्ये अधूनमधून एखादी परी बिनपंखाची किंवा एकाच पंखाची जन्माला येते आणि खापर फुटतं ते शापावर. परीच काल्पनिक, त्यामुळे शापही खपून जातो. पण चित्रातल्या परीचे पंख नीट बघा. पातळ, पारदर्शक, शिरांचं जाळं असलेले. हाडाचा पत्ता नाही. हे पक्ष्याचे नव्हेत, कीटकाचे पंख आहेत. आणि एका पंखाचा कीटक मुळीच काल्पनिक नाही. अतिपिकल्या केळ्यांवर घिरट्या घालणाऱ्या फळमाशीत, म्हणजे ड्रॉसोफिलात, हा जन्मजात दोष अगदी बारकाईने तपासला गेला आहे.

1973 साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या आर. पी. शर्मा यांनी अशा माशांची नोंद केली आणि त्यामागच्या उत्परिवर्तनाला, म्हणजे जनुकातल्या बदलाला, नाव दिलं ‘विंगलेस’. पुढे 1976 मध्ये व्ही. एल. चोप्रा यांच्यासह त्यांनी पंखाच्या वाढीवर त्याचा नेमका काय परिणाम होतो ते मांडलं. गंमत अशी, की एकाच बाटलीतल्या, हाच दोष वाहणाऱ्या भावंडांत काहींना दोन पंख असतात, काहींना एक, काहींना एकही नाही.

असं का, हे कळायला अळीच्या पोटात शिरावं लागतं. माशीचा पंख कोषात अचानक फुटत नाही. अळीच्या दोन्ही बाजूंना पेशींची एकेक चपटी पिशवी असते, तिला पंखाची चकती म्हणतात. सुरुवातीला तिच्यात पन्नासच्या आसपास पेशी असतात, कोषात जाईपर्यंत सुमारे 50 हजार होतात. मात्र या चकतीतून नुसता पंख होत नाही, त्या बाजूची अर्धी पाठही तिच्यातूनच होते. म्हणजे मूठभर पेशींची वाटणी व्हायची असते: पंखाकडे कोण, पाठीकडे कोण.

25 अंश सेल्सिअसला वाढवलेल्या अळीत ही वाटणी अंडं घातल्यापासून साधारण तिसऱ्या दिवशी, दुसऱ्या अवस्थेत, होते. चकतीच्या एका टोकाच्या पेशी विंगलेस नावाचं प्रथिन बाहेर सोडतात. ते शेजारच्या पेशींपर्यंत पोचतं आणि त्या पंखाच्या वाटेला लागतात. विरुद्ध टोकाला ‘व्हेन’ हे दुसरं प्रथिन पाठीची बाजू लावून धरतं. विंगलेस कमी पडलं, की पंखाचा वाटा पडतच नाही. त्या पेशी मरून जातात असं नाही, त्याही पाठच बनवतात. पंखाच्या जागी दुसरी अर्धी पाठ येते, आणि तिच्यावरच्या राठ केसांची मांडणी पहिलीच्या आरशातल्या प्रतिमेसारखी, उलटी.

शर्मांच्या माशांत विंगलेस प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला प्रथिनाचा मजकूर शाबूत आहे. गळालाय तो जवळचा नियंत्रक तुकडा, पंखाच्या चकतीत ‘आता चालू हो’ म्हणणारा. त्यामुळे प्रथिन अगदी काठावर तयार होतं. डावी आणि उजवी चकती आपापला निर्णय स्वतंत्रपणे घेतात, म्हणून एकीकडे निभावतं, दुसरीकडे नाही. एकपंखी माशीची पिलं सगळी एकपंखी निघत नाहीत, ती याचमुळे.

तपासताना घोटाळा होतो तो चुरगळलेल्या पंखांमुळे. कोषातून बाहेर आलेल्या माशीत शरीरद्रवाच्या दाबाने पंख उलगडतात. दाब कमी पडला किंवा माशी ओल्या खाद्याला चिकटली, तर पंख घडीचाच राहतो. तुटलेल्या पंखाचं बिजागर मागे उरतं. खऱ्या विंगलेस माशीला कार्बन डायऑक्साइडने गुंगी देऊन सूक्ष्मदर्शकाखाली कुशीवर ठेवा: बिजागरही नसतं, तिथे जादा केस दिसतात. पंखामागचे तोल सांभाळणारे गदेसारखे अवयवही कधी कधी गायब असतात.

मग हे जनुक पंखाचं का? नाही. ते पूर्ण निकामी झालं तर अंड्यातच भ्रूण मरतो, कारण शरीराचे खंड आखायलाही तेच लागतं. 1982 मध्ये उंदरांच्या स्तनाच्या गाठींत सापडलेलं ‘इंट-1’ हे जनुक त्याचंच भावंड निघालं आणि दोन्ही नावं जोडून ‘विंट’ हे कुलनाम पडलं. याच कुळातल्या विंट-3 मधल्या बिघाडामुळे माणसात हात-पाय चारही नसलेली बाळं जन्मतात, हे 2004 मध्ये दाखवलं गेलं.

ग्रहणात भाजी चिरली म्हणून बाळाला व्यंग आलं, असं अजूनही पोटुशीला ऐकवलं जातं. माणसाच्या गर्भात हातांचे कोंब चौथ्या आठवड्यात फुटतात आणि आठव्यापर्यंत बोटं वेगळी होतात. सातव्या महिन्यातल्या विळीचा त्याच्याशी काय संबंध? संबंध होता तो थॅलिडोमाइड या औषधाचा. 1961 मध्ये बाजारातून मागे घेईपर्यंत, गरोदरपणाच्या नेमक्या त्याच सुरुवातीच्या दिवसांत घेतलेल्या त्या गोळीने हजारो बाळांचे हात-पाय खुंटवले.

आपल्या परीवर इलाज करायचाच, तर तो तिसऱ्या दिवशी, ती अळी असताना. नंतर तिच्या पाठीला कुठलाही लेप लावून पंख फुटणार नाही. तिथे जागा रिकामी नाही, तिथे आणखी एक पाठ आहे.