मज्जा काढायची, रक्त नव्हे

बोन मॅरो म्हणजे हाडातली मज्जा; तिच्या दानाचा विषय निघाला की बहुतेकांना पाठीच्या कण्यात घातलेली सुई डोळ्यांपुढे येते. कण्याचा इथे काहीच संबंध नाही. मज्जा काढतात ती कमरेच्या मागच्या हाडातून. दात्याला पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात आणि जाड सुई हाडात घालून सिरिंजने मज्जा ओढतात. दात्याची मज्जा रुग्णाला देण्याच्या या उपचाराचा पाया घालणाऱ्या डॉ. ई. डोनल थॉमस यांना 1990 साली नोबेल मिळालं. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये 1983 साली डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं.

खरं कसब आहे ते ओढण्यात. एका जागेवरून येणाऱ्या पहिल्या काही मिलिलिटरमध्ये मूळ पेशी, म्हणजे रक्त तयार करणाऱ्या स्टेम सेल, भरपूर असतात. तिथेच ओढत राहिलं की मज्जा संपते आणि येतं ते आसपासच्या वाहिन्यांतलं साधं रक्त. म्हणून एका वेळी साधारण 5 मिली घ्यायचं, सुई थोडी सरकवायची, पुन्हा घ्यायचं. लिटरभर मज्जा हवी असेल तर या हिशोबाने दोनशे वेळा ओढणं आलं! घाईत मोठमोठ्या सिरिंजा भरल्या तर पिशवी लवकर भरते, पण पेशी विरळ मिळतात आणि दात्याचं हिमोग्लोबिन मात्र फुकट उतरतं. त्यामुळे नुसते मिलिलिटर मोजून भागत नाही. काम चालू असतानाच नमुना प्रयोगशाळेत पाठवून पेशी मोजाव्या लागतात. अमेरिकेत डॉ. डॅनियल क्राफ्ट यांनी ‘मॅरो मायनर’ नावाचं उपकरण तयार केलं, तेही याच अडचणीवर: हाडाला एकच छिद्र पाडायचं आणि आतल्या आत वळत जाणाऱ्या लवचीक नळीने मज्जा गोळा करायची.

आता बऱ्याच दात्यांना भूल लागतही नाही. चार-पाच दिवस जी-सीएसएफ या पेशी वाढवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं दिली की मूळ पेशी हाडातून रक्तात उतरतात आणि यंत्र त्या काही तासांत वेगळ्या करतं. हाडं दुखतात, पण ते तात्पुरतं. काही रुग्णांना दात्याऐवजी स्वतःच्याच पेशी काढून परत देतात; त्या एवढ्यानेही पुरेशा निघत नसतील, तर 2008 पासून प्लेरिक्साफॉर आहे. मुळात एचआयव्हीसाठी शोधलेलं हे औषध पेशींची हाडातली पकड सोडवतं.

मग हाडात सुई घालायचीच कशाला? 2012 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत नात्याबाहेरच्या दात्यांच्या पेशी वापरल्या होत्या. रुग्ण जगण्याचं प्रमाण दोन्ही पद्धतींत सारखंच निघालं. पण दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करण्याचा दीर्घकालीन त्रास रक्तातून घेतलेल्या पेशींनी 53 टक्के रुग्णांना झाला, मज्जेने 41 टक्के. रक्ताच्या कर्करोगात हा हल्ला उरलेल्या कर्करोगाच्या पेशीही मारतो. थॅलेसेमिया या रक्ताच्या जन्मजात आजारात मारायला कर्करोग नसतो, त्यामुळे या हल्ल्याचा फायदा काहीच नाही, नुसता त्रास. म्हणून तिथे आजही मज्जेलाच पसंती असते.

आणि थॅलेसेमियात दाता बहुधा धाकटं किंवा थोरलं भावंड असतं. दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे 20 मिली ही साधारण मर्यादा धरली, तर 15 किलोच्या लेकराकडून जास्तीत जास्त 300 मिली घेता येते. त्यात निम्मं रक्तच आलं तर कसं चालेल? अशा आईवडिलांनी डॉक्टरांना नि:संकोच विचारावं: एका वेळी किती मिली ओढता, आणि मध्येच पेशी मोजून बघता का?