एल्की दरी: नाव राखलं, अंधारही राखला

चिलीच्या उत्तरेला, कोकिंबो प्रांतात, एल्की नावाची एक अरुंद दरी आहे. अँडीजमधून उतरणाऱ्या तुर्बियो आणि क्लारो या नद्या रिवादावियापाशी एकत्र येतात. तिथून पुढे नदीचं नाव एल्की होतं आणि ला सेरेना शहराजवळ ती पॅसिफिकला मिळते. लोक इथे मुख्यतः दोन गोष्टींसाठी येतात. रात्री आकाश बघायला आणि दिवसा पिस्कोच्या भट्ट्या बघायला. पिस्को म्हणजे द्राक्षाची वाइन तांब्याच्या भांड्यात उकळून गाळलेलं मद्य. सहलीच्या जाहिरातीत या दोन गोष्टी शेजारी शेजारी छापतात, पण त्यांचं नातं त्याहून जवळचं आहे. दोन्ही एकाच कोरड्या हवेची देणगी आहेत.

किनाऱ्याला लागून वाहणारा हम्बोल्ट प्रवाह थंड आहे. त्याच्यावरची हवा गार आणि जड राहते, आणि तिच्यावर उबदार हवेचं झाकण बसतं. समुद्रावरचं धुकं, ज्याला तिथले लोक कामांचाका म्हणतात, या झाकणाखालीच अडकतं. पलीकडून येणारा दमटपणा अँडीजची भिंत अडवते. त्यामुळे डोंगरमाथ्यावर वर्षातल्या जवळजवळ तीनशे रात्री निरभ्र असतात. दिवसा तेच ऊन द्राक्षात साखर भरतं. दरीत उभं राहिलं की हे डोळ्यांना दिसतं. पाट जिथवर गेला आहे तिथवर द्राक्षाचे हिरवेगार मांडव, आणि पाटाच्या वर एका हाताच्या अंतरावर उघडाबोडका, तांबूस-करडा डोंगर. मध्ये काहीच नाही. सुरीने कापावी तशी रेघ.

या दरीत आधी दियागिता लोकांची वस्ती होती. त्यांची लाल-काळ्या-पांढऱ्या भौमितिक नक्षीची भांडी आजही इथल्या संग्रहालयांत बघायला मिळतात. स्पॅनिश लोकांनी १५४४ मध्ये ला सेरेना वसवलं. स्थानिकांनी ते उद्ध्वस्त केल्यावर १५४९ मध्ये पुन्हा वसवलं. त्यांच्याबरोबर द्राक्षाची वेल आली. वाइन लांबच्या प्रवासात आंबून जाते, गाळलेलं मद्य टिकतं आणि कमी जागेत मावतं. उत्तरेतल्या खाणींपर्यंत खेचरांच्या पाठीवरून माल न्यायचा तर गाळण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. १७३३ सालच्या, याच दरीतल्या एका जहागिरीच्या मालमत्तेच्या यादीत पिस्कोने भरलेल्या तीन मातीच्या रांजणांची नोंद आहे, हा चिलीच्या इतिहासकारांचा लाडका पुरावा.

लाडका, कारण वाद नावाचा आहे. पिस्को हे बंदर पेरूत आहे, आणि हा शब्द क्वेचुआ भाषेतला, पक्षी या अर्थाचा. पेरूचं म्हणणं असं की पेयही आमचं आणि नावही आमचं. शब्दाचं मूळ पेरूत आहे, यात मला शंका वाटत नाही. पण कायद्याचा विचार आधी चिलीने केला, हेही तितकंच खरं. १९३१ मध्ये तिथल्या सरकारने ठरवलं की आताकामा आणि कोकिंबो या दोनच प्रांतांत, तिथल्याच द्राक्षापासून गाळलेल्या मद्याला पिस्को म्हणता येईल. अमेरिका खंडांतल्या सर्वांत जुन्या मूळस्थान-नामांपैकी हे एक. १९३६ मध्ये तर दरीतल्या ला उनियोन या गावाचं नावच बदलून पिस्को एल्की केलं. हा ठराव मांडणारे गाब्रिएल गोन्सालेस विदेला पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. वाद आजही मिटलेला नाही. चिलीचं पिस्को पेरूच्या बाजारात त्या नावाने विकता येत नाही.

चिलीत बाटलीवरचा दर्जा मद्याच्या तीव्रतेवरून ठरतो आणि सर्वांत वरच्या दर्जाला, ग्रान पिस्कोला, किमान ४३ टक्के लागतात. द्राक्षं बहुतेक मस्कत जातीची, म्हणून वासातच फळ कळतं.

आकाशाची गोष्ट खूप अलीकडची आहे. १९५० च्या दशकाच्या शेवटी चिली विद्यापीठाचे फेदेरिको रुत्यांत यांनी अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांना इकडे बोलावलं. दक्षिण गोलार्धात मोठ्या दुर्बिणी नव्हत्या, आणि आपल्या आकाशगंगेचा मध्य, मॅजेलनचे मेघ नावाच्या शेजारच्या दोन छोट्या दीर्घिका हे सगळं तर दक्षिणेकडूनच नीट दिसतं. जागा शोधायचं काम युर्गन श्टॉक या जर्मन शास्त्रज्ञाकडे आलं. १९५९ पासून तो खेचरं आणि एक छोटी दुर्बीण घेऊन डोंगर चढला, माथ्यामाथ्यावर रात्री काढल्या, हवा किती स्थिर आहे ते मोजलं आणि पत्रांतून कळवत राहिला. १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे २,२०० मीटर उंचीचा तोलोलो डोंगर निवडला गेला. रस्ता नव्हता, पाणी नव्हतं. वेधशाळा चालवणाऱ्या संस्थेने केवळ माथा नाही, तर सभोवतालची प्रचंड जहागीरच विकत घेतली. मला हा निर्णय दुर्बिणीइतकाच मोठा वाटतो. त्यामुळे जवळपास दिवे लागायची शक्यताच संपली.

तोलोलोवरची ४ मीटरची दुर्बीण १९७६ पासून १९९८ पर्यंत दक्षिण गोलार्धातली सर्वांत मोठी होती. विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होतंय, या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं. त्यासाठी अंतरं मोजायची पट्टी पक्की झाली ती कालान-तोलोलो या सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या पाहणीमुळे, म्हणजे चिलीतल्या आणि या डोंगरावरच्या कामामुळे. शेजारच्या पाचोन डोंगरावर जेमिनी दक्षिण आणि व्हेरा रुबिन वेधशाळा आहेत. रुबिनच्या ८.४ मीटरच्या दुर्बिणीची पहिली छायाचित्रं जून २०२५ मध्ये जगासमोर आली.

मात्र या वेधशाळांत सामान्य माणसाला रात्री दुर्बिणीला डोळा लावता येत नाही. दिवसा फिरून येता येतं, इतकंच. ही उणीव १९९८ मध्ये दरीतल्या विकुन्या गावच्या नगरपालिकेने भरून काढली. गावाबाहेर ममायुका डोंगरावर खास पर्यटकांसाठी वेधशाळा उघडली. त्यानंतर दरीत खासगी वेधशाळा झाल्या, दुर्बिणीजवळ झोपायची सोय असलेल्या खोल्या झाल्या. जायचं तर अमावास्येच्या आसपास जावं. पौर्णिमेच्या उजेडात आकाशगंगा फिकी पडते. मृग नक्षत्र इथे उलटं, डोकं खाली करून दिसतं, आणि आपल्याकडे क्षितिजाला टेकलेला त्रिशंकू चांगलाच वर चढलेला असतो.

विकुन्याला आणखी एक ओळख आहे. १८२१ मध्ये वसलेल्या या गावात १८८९ मध्ये लुसिला गोदॉय जन्मली. पुढे गाब्रिएला मिस्त्राल या नावाने तिने कविता लिहिल्या आणि १९४५ मध्ये लॅटिन अमेरिकेला साहित्याचं पहिलं नोबेल मिळवून दिलं. तिचं बालपण मोंतेग्रांदे या वाडीत गेलं. तिथलं शाळेचं छोटंसं घर आज संग्रहालय आहे. १९५७ मध्ये न्यूयॉर्कजवळ ती वारली, पण इच्छा होती मोंतेग्रांदेच्या मातीची. १९६० मध्ये तिला तिथल्या टेकाडावर आणून पुरलं. आपल्या पुस्तकांचं मानधन तिने मोंतेग्रांदेच्या मुलांसाठी ठेवलं होतं. तोलोलो-पाचोनच्या परिसराला २०१५ मध्ये जगातलं पहिलं आंतरराष्ट्रीय अंधार-आकाश अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा नाव दिलं तेही तिचंच.

ला सेरेना आणि कोकिंबो ही जोडशहरं मात्र वाढत आहेत. तोलोलोवरून पश्चिमेकडे पाहिलं की क्षितिजावर त्यांचा उजेड दिसतो. १९९८ मध्येच चिलीने आंतोफागास्ता, आताकामा आणि कोकिंबो या तीन उत्तरी प्रांतांसाठी दिव्यांचा नियम केला. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड वर जाता कामा नये, तो खालीच पडला पाहिजे. एलईडीचा पांढरा-निळसर उजेड आल्यावर तो नियम अपुरा ठरू लागला. नव्या नियमात निळ्या प्रकाशावरही मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२४ पासून तो साऱ्या देशाला लागू झाला आहे.