जिथे निकष सैल, तिथे पूर्वग्रह

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जॉन डोव्हिडिओ आणि सॅम्युएल गार्टनर यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी गोऱ्या विद्यार्थ्यांना एका उमेदवाराची माहिती वाचायला दिली आणि विचारलं, याची शिफारस कराल का? काहींच्या हातातला उमेदवार गोरा होता, काहींच्या हातातला कृष्णवर्णीय. पात्रता उघडच उत्तम होती तिथे दोघांना सारखाच कौल मिळाला. ती उघडच कमी होती तिथेही वर्णाने कृष्णवर्णीयाचं नुकसान झालं नाही. फरक पडला तो मधल्या उमेदवारांत, ज्यांच्या काही बाजू भक्कम होत्या आणि काही लंगड्या. तिथे गोऱ्याला संशयाचा फायदा मिळाला, कृष्णवर्णीयाला मिळाला नाही. हाच प्रयोग सुमारे दहा वर्षांच्या अंतराने दोन तुकड्यांवर झाला होता. दुसऱ्या तुकडीने उघड बोलून दाखवलेला वंशद्वेष पहिलीपेक्षा कमी होता, पण हा फरक जवळपास तसाच राहिला.

या विषयावरच्या संशोधनात मला हा प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो. वंशभेद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिवीगाळ करणारा, तोंडावर दार लावणारा माणूस येतो. रोजच्या व्यवहारातला भेद मात्र निर्णयाला दुसरं एखादं सभ्य कारण देता येईल अशाच जागी शिरतो. ‘अनुभव जरा कमी वाटला’, ‘टीममध्ये रुळेल असं वाटलं नाही.’ बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला मनापासून तसंच वाटलेलं असतं. ज्याच्या वाट्याला हे येतं त्याला मात्र दुहेरी त्रास होतो. आधी नकार पचवायचा आणि मग तो नकार कशामुळे आला, याचा विचार करत बसायचं. एका प्रसंगावरून सिद्ध काहीच करता येत नाही.

शेकडो प्रसंग शेजारी शेजारी ठेवले की चित्र उमटतं. अर्थतज्ज्ञ मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुलैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० काल्पनिक अर्ज पाठवले. अर्जांवरची नावं मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटून दिली होती, कुठे एमिली किंवा ग्रेग, कुठे लकीशा किंवा जमाल. २००४ साली निष्कर्ष छापून आले. गोरी वाटणाऱ्या नावांना साधारण दर १० अर्जांमागे एक बोलावणं आलं, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना दर १५ अर्जांमागे एक.

त्याहून बारीक काम स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१७ मध्ये पुढे आणलं. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांत एप्रिल २०१४ मध्ये नोंदलं गेलेलं, वाहनं अडवतानाचं बोलणं त्यांनी तपासलं. एकूण ९८१ प्रसंग होते. ‘सर’, ‘मॅडम’, ‘तुम्हाला थांबवावं लागलं, माफ करा’, ‘सांभाळून जा’ असले शब्द गोऱ्या चालकांच्या वाट्याला जास्त आले. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला नुसतं पहिलं नाव, ‘हात स्टिअरिंगवर ठेवा’ अशी भाषा जास्त आली. पोलिसाचा स्वतःचा वंश, गुन्ह्याचं गांभीर्य, जागा, हे सगळं हिशेबात धरूनही फरक उरला. एकेक वाक्य सुटं ऐकलं तर त्यात तक्रार करण्याजोगं फारसं काही सापडणार नाही.

हे येतं कुठून? काही भाग तर नजरेच्या सवयीचा आहे. नवजात बाळ सगळ्या वंशांच्या चेहऱ्यांकडे सारखंच बघतं, तीन महिन्यांचं बाळ रोज दिसणाऱ्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघतं. पण ही सवय दगडावरची रेघ नाही. कोरियात जन्मून लहानपणी फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या व्यक्तींना मोठेपणी युरोपीय चेहरे आशियाई चेहऱ्यांपेक्षा चांगले ओळखता येत होते. भोवताल बदलला तशी नजर बदलली.

नजरेची सवय यंत्रातही उतरते. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कातडीतून जाणाऱ्या प्रकाशावर चालतो. रक्तातला प्राणवायू प्रत्यक्षात धोकादायक पातळीखाली गेलेला असताना हे यंत्र ‘ठीक’ दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट असल्याचं २०२० मध्ये अमेरिकेत आढळलं. यात कुणा डॉक्टरच्या मनात काही वाईट असण्याची गरजच नव्हती.

मग करायचं काय? पूर्वग्रह घालवण्याच्या एका दिवसाच्या कार्यशाळेवर मी भिस्त ठेवणार नाही. मानसशास्त्रज्ञ केल्विन लाय आणि सहकाऱ्यांनी सुप्त, म्हणजे स्वतःलाही न जाणवणारे, पूर्वग्रह कमी करणारे नऊ उपाय ६,००० हून अधिक विद्यार्थ्यांवर तपासले. परिणाम लगेच दिसला आणि काही तासांत किंवा काही दिवसांत विरला. मन धुऊन काढण्यापेक्षा निर्णयातली सैल जागा आवळणं जास्त हाती लागणारं आहे. अर्ज उघडण्याआधी निकष कागदावर लिहावेत. मुलाखतीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत. एकमेकांशी बोलण्याआधी प्रत्येकाने आपले गुण नोंदवावेत. आणि नकाराचं कारण सुचलं की स्वतःला विचारावं, हीच उणीव दुसऱ्या वंशाच्या उमेदवारात असती तर मी चालवून घेतली असती का?

मुलाखतीच्या खोलीबाहेर असे निकष नसतात. तिथे समोरच्याचं ऐकणं एवढंच हाती असतं. ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न तुम्ही वेगळ्या वंशाच्या माणसाला पहिल्यांदा विचारत असाल, त्याने तो जन्मभर ऐकलेला असतो. आपल्याला काय खटकलं ते तो माणूस सांगू लागला की ‘माझ्या मनात तसं नव्हतं’ हे वाक्य मागे ठेवावं. तुमच्या मनात काय होतं हा त्याचा मुद्दाच नाही. त्याचं म्हणणं आधी पुरतं ऐकून घ्यावं आणि पुढच्या वेळी तो प्रश्न गाळावा.