लिबरल म्हणजे नक्की कोण? एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातली लिबरल पार्टी उजवी आहे, अमेरिकेत लिबरल म्हणजे सरकारने आरोग्यावर वगैरे जास्त खर्च करावा म्हणणारा, युरोपात बऱ्याच ठिकाणी लिबरल म्हणजे मार्केटवाला, आणि आपल्या फॅमिली ग्रुपवर हा शब्द कुठल्या अर्थाने येतो ते सांगायला नकोच. एका शब्दाचे एवढे अर्थ कसे झाले ते बघायचं तर जरा मागे जावं लागतं.

राजकीय गटाचं नाव म्हणून हा शब्द गाजला तो स्पेनमध्ये, कादिझ शहरात १८१२ ची राज्यघटना करणाऱ्या लोकांमुळे. विचार मात्र त्याच्या शंभरेक वर्षं आधीचा. इंग्लंडमध्ये १६८९ च्या सुमारास जॉन लॉकने मांडलं की राजाला सत्ता देवाने दिलेली नाही, लोकांनी आपला जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता सांभाळायला संमतीने दिलीये, आणि तेच काम तो करत नसेल तर त्याला काढता येतं. माणूस आधी आणि जात-धर्म-गट नंतर, कायदा सगळ्यांना सारखा, सत्तेला लगाम, दुसऱ्याच्या मतात आणि श्रद्धेत ढवळाढवळ नाही, हा सगळा पाया तिथून पुढे घडत गेला. आता लॉकची सहिष्णुता कॅथलिक आणि नास्तिक लोकांपर्यंत पोचत नव्हती आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत त्याचे पैसे गुंतलेले होते, हेही खरंच. पुढे जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताने १८५९ मध्ये व्यक्तिस्वातंत्र्यावर जबरदस्त पुस्तक लिहिलं, पण हा गृहस्थ ३५ वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन ऑफिसात नोकरीला, आणि त्याच्या मते हे स्वातंत्र्य "मागासलेल्या" समाजांसाठी नव्हतंच. म्हणजे आपल्यासाठी नाही.

तर इथपर्यंत सगळे लिबरल एका पंगतीत बसतात. वाजतं ते पुढच्या प्रश्नावर: माणसाच्या स्वातंत्र्याला खरा धोका कुणापासून?

जुन्या लोकांचं उत्तर सोपं होतं, सरकारपासून. मँचेस्टरच्या कॉब्डन आणि ब्राइट या पुढाऱ्यांनी आंदोलन करून धान्यावरची आयात जकात १८४६ मध्ये उठवायला लावली, गरिबाचा पाव स्वस्त व्हावा म्हणून. पण हाच ब्राइट १८४७ च्या कायद्याच्या विरोधात उभा होता, जो गिरणीतल्या बायकापोरांना दिवसाला दहा तासांच्या वर राबवू नका म्हणत होता. कारण काय तर मालक-मजुराच्या करारात सरकारने पडू नये. १८८१ मध्ये ऑक्सफर्डच्या टी. एच. ग्रीनने यावर उलटा सवाल केला की ज्याच्या घरी चूल पेटायची मारामार आहे त्याने केलेल्या कराराला स्वतंत्र करार म्हणायचं का. या दुसऱ्या, गरिबाला सरकारने हात द्यावा म्हणणाऱ्या घराण्यातूनच ब्रिटनमधली १९०८ ची पेन्शन आली, सत्तरी ओलांडलेल्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग, आणि १९०९ चं श्रीमंतांवर टॅक्स लावणारं बजेट, जे वरिष्ठ सभागृहातल्या लॉर्ड्सनी फेटाळलं. पुढे १९४४ मध्ये हायेक (सरकारी नियोजनाच्या विरोधात), १९७१ मध्ये रॉल्स (न्याय्य वाटपाच्या बाजूने), १९७४ मध्ये नोझिक (कमीत कमी सरकारच्या बाजूने) यांनी जे लिहिलं ते बरंचसं याच भांडणाचे पुढचे अंक आहेत असं माझं मत.

आता आपल्याकडे या. इथे धोका नुसता सरकारपासून नव्हता, घरातून आणि जातीतूनही होता, त्यामुळे हिशोब बदलतो. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलींचं शरीरसंबंधाला संमतीचं वय १० वरून १२ केलं तेव्हा टिळकांचा मुद्दा होता की परक्या सरकारने आमच्या समाजात कायद्याने हात घालू नये, आणि आगरकर, रानडे कायद्याच्या बाजूने. आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झालेले, म्हणजे सरकारने लांब राहावं असं सांगणारा स्पेन्सर वाचलेला माणूस इथे कायदा करा म्हणतोय. मला यात विसंगती वाटत नाही, दहा वर्षांच्या पोरीला सरकारपेक्षा सासर जास्त जवळ होतं.

रानड्यांनी तर १८९२ मध्ये पुण्यात डेक्कन कॉलेजात व्याख्यान देऊन सांगितलं की इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम जसेच्या तसे इथे चालणार नाहीत, उद्योग उभे करायला सरकारने हात दिला पाहिजे. त्यांना समोर दिसत होतं ना, फ्री ट्रेडच्या नावाखाली १८८२ मध्ये विलायती कापडावरची जकात उठवली होती, इंग्लंडमधलं कापड गिरण्यांचं लँकेशायर खूश, मुंबईच्या गिरण्या बोंबलतायत.

बाबासाहेब या वादात सगळ्यात स्पष्ट बोलले असं मला वाटतं. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात त्यांनी विचारलं की सरकारच्या ताब्यातून सुटका म्हणजे स्वातंत्र्य, पण कुणाचं, आणि उत्तर दिलं की जमीनदाराचं आणि मालकाचं, बाकीच्यांसाठी ती मालकाची हुकूमशाहीच. म्हणून शेती आणि मूळ उद्योग सरकारच्या हातात द्या असा त्यांचा प्रस्ताव. आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९४८ मध्ये, हाच माणूस घटना समितीत सांगतो की मसुद्यात खेडं सोडून व्यक्ती हा घटक धरलाय याचा मला आनंद आहे. उपाय समाजवादी, पण केंद्रस्थानी माणूस, एकटा.

बरोबर उलट्या टोकाला १९५९ ची राजाजी (सी. राजगोपालाचारी) आणि मिनू मसानी यांची स्वतंत्र पार्टी, लायसन्स-परमिट राजच्या विरोधात, १९६७ ला लोकसभेत ४४ खासदार आणि मग उतरती कळा. ती लाइन मराठीत खरी रुजवली शरद जोशींनी. स्वित्झर्लंडची नोकरी सोडून चाकणजवळ शेती करायला आलेला माणूस, त्याच्या लक्षात आलं की कांद्याचे भाव पाडणारं सरकारच आहे, निर्यातबंदी लावून. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा नीट ऐकली तर सबसिडी मागणारी नाहीये, बाजूला व्हा म्हणणारी आहे.

म्हणूनच शेतमालाचा व्यापार मोकळा करणाऱ्या २०२० च्या तीन कृषी कायद्यांना दिल्लीच्या सीमेवर शेतकरी विरोध करत बसलेले असताना इथली, जोशींची शेतकरी संघटना त्या कायद्यांच्या बाजूने होती, आणि बऱ्याच लोकांना हे कोडं वाटलं. तिकडच्यांना भीती बड्या खाजगी खरेदीदाराची, इकडच्यांना मार्केट कमिटीची आणि सरकारी बंदीची. संघटनेचे अनिल घनवट सुप्रीम कोर्टाच्या समितीवर होते, समितीचा रिपोर्ट मार्च २०२१ मध्ये कोर्टाला दिला गेला, आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने कायदेच मागे घेतले.